जुना राउटर, लाइटचा भरवसा नाही, तरी फर्मवेअर अपडेट करायचं का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापुरात नीलम नगरला घर, खाली यंत्रमाग, वर राहणं. २०१४ मध्ये घेतलेला दोन अँटेनांचा राउटर अजून चालू आहे. हल्ली नेट हळू झालंय आणि दिवसातून दोन-तीनदा आपोआप तुटतंय. पुण्याच्या भावाने सांगितलं, ‘फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा आतला प्रोग्राम, अपडेट कर, नीट होईल.’ तुम्ही लॉगिनचं पान उघडून अपग्रेडच्या बटणापर्यंत गेलात, पण मध्येच लाइट गेली तर राउटर निकामी होईल अशी सूचना वाचून थांबलात. मागाचा हिशोब आणि जीएसटीची रिटर्न याच नेटवरून भरता, त्यामुळे राउटर बंद पडून चालणार नाही.

थांबलात ते फार बरं केलंत. अपडेट वाईट असतं म्हणून हे म्हणत नाही. माझं काम नवी पेठेत, पंधरा-सोळा वर्षं राउटर, कॅमेरे आणि दुकानांची नेटवर्क बसवण्याचं. आजवर शेकडो राउटर अपडेट केले, बहुतेक सगळे सुखरूप झाले. पण जो राउटर आपोआप बंद-चालू होतोय, तो का होतोय हे कळेपर्यंत त्याच्या फर्मवेअरला हात लावायचा नाही, हा नियम मी एक राउटर गमावून शिकलो.

२०१५ ची गोष्ट. साखर पेठेत तुमच्यासारखंच घर, खाली माग आणि वर कुटुंब. जेवणाच्या सुट्टीत माग बंद होते, म्हणून मी निवांतपणे अपडेट सुरू केलं. अर्ध्यात असताना खाली कामगार परत आले आणि त्यांनी एकापाठोपाठ एक माग चालू केले. लाइट गेली नाही, ट्यूब फक्त क्षणभर मंद झाली. राउटरचा अडॅप्टर सहा वर्षांचा होता, त्याला तेवढाही धक्का सोसला नाही. राउटर रीस्टार्ट झाला आणि त्यानंतर नुसता पॉवरचा दिवा लागून राहिला. त्या घरच्या मुलीला त्या संध्याकाळी परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. मी माझ्या घरचा राउटर काढून त्यांच्याकडे लावला. तेव्हापासून मी आधी वीज बघतो, मग फाइल.

त्या वेळी आत काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या सूचनांचं कारण कळेल. राउटरमध्ये फर्मवेअर साठवणारी एक छोटी फ्लॅश चिप असते. त्या काळच्या स्वस्त राउटरमध्ये ती बऱ्याचदा ४ एमबीचीच, मोबाइलमधल्या एका फोटोएवढी. अपडेट करताना जुनं फर्मवेअर पुसलं जातं आणि त्याच जागी नवं लिहिलं जातं. आजच्या बऱ्याच फोनमध्ये दोन जागा असतात. नवं दुसऱ्या जागी लिहितात, ते बिघडलं तर फोन जुन्यावर परत येतो. ४ एमबीत दुसऱ्या प्रतीला जागाच नसते. त्यामुळे पुसणं आणि लिहिणं यांच्या मधल्या दोन-तीन मिनिटांत वीज तुटली, तर चिपवर अर्धवट काहीतरी राहतं. एक दिलासा मात्र आहे. राउटरला उठवणारा बूटलोडर हा छोटा प्रोग्राम चिपच्या वेगळ्या भागात असतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला सहसा हात लागत नाही. तो शाबूत असला की मेलेला राउटरही बहुधा परत उठवता येतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता तुमच्या राउटरचं पहिलं काम. लॉगिन करून ‘स्टेटस’ पान उघडा. त्यात ‘सिस्टम अप टाइम’ असतं, म्हणजे राउटर शेवटचा चालू झाल्यापासून गेलेला वेळ. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तो आकडा वहीत लिहा. लाइट गेली नाही, कुणी बटण दाबलं नाही, तरी संध्याकाळी आकडा एक-दोन तासच दाखवत असेल, तर राउटर मधल्या मधे रीस्टार्ट होतोय. मग दोष अडॅप्टरचा, व्होल्टेजचा किंवा उष्णतेचा असण्याची शक्यता जास्त. उलट आकडा तीन दिवसांचा दिसतो आणि नेट मात्र तुटतं, तर राउटर जागाच आहे, तुटतेय ती लाइन. तेव्हा केबलवाल्याला कळवा. फर्मवेअरने त्यात फरक पडणार नाही.

आपल्याकडे अडॅप्टर फार लवकर म्हातारे होतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि राउटर बहुधा टीव्हीच्या मागे किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेला असतो. अडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. अशा अडॅप्टरवर नुसतं मीटर लावलं तर व्होल्टेज बरोबर दाखवतं, पण राउटर जोडून त्याच्यावर काम पडलं की ते खाली येतं. म्हणून तो राउटर जोडलेला असतानाच तपासून घ्यायला हवा. संशय असेल तर सरळ बदला, दीड-दोनशे रुपयांचं काम आहे. फक्त जुन्या अडॅप्टरवरचा आकडा बघूनच नवा घ्या. त्या पिढीतले कितीतरी राउटर ९ व्होल्टचे होते आणि दुकानात सहज हातात येतो तो १२ चा. पिन बसते म्हणून १२ चा लावला आणि राउटर जळला, असे दोन-तीन तरी दर वर्षी माझ्याकडे येतात. नेट तुटणं नव्या अडॅप्टरनेच थांबलं, तर तुमची निम्मी अडचण तिथेच सुटली.

वेगाचंही आधीच सांगतो. त्या काळच्या अशा राउटरला मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. केबलवाल्याने तुमचा प्लॅन २०० चा केला असेल, तरी वायरने ९५ च्या पुढे काही मिळणार नाही. वाय-फायवर तर त्याहून कमी, कारण खोक्यावरचा ‘३००’ हा आकडा प्रत्यक्षात कधीच हाती येत नाही. कुठलंही अपडेट हे बदलत नाही. भाऊ म्हणतात ते दुसऱ्या बाजूने मात्र बरोबर आहे. अपडेट वेगासाठी करायचं नसतं, सुरक्षिततेसाठी करायचं असतं, आणि तुमच्यासारख्या पैशाचे व्यवहार त्याच नेटवर करणाऱ्यांसाठी ते महत्त्वाचं आहे. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या व्हायरसने जगभरातल्या ५४ देशांमध्ये किमान ५ लाख राउटर आणि तशी उपकरणं पकडल्याचं उघड झालं होतं. त्यातली पुष्कळ तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरातली आणि छोट्या ऑफिसांतली होती. कित्येकांत ज्या जुन्या त्रुटी सापडल्या, त्यांवर अपडेट आधीच निघालेलं होतं, फक्त कुणी चढवलं नव्हतं.

मग तुमच्या राउटरला चढवण्यासारखं अपडेट आहे का? हे सगळं त्याच्या पोटाखालच्या लेबलवर अवलंबून आहे. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘व्हर्जन’ किंवा ‘एच/डब्ल्यू व्हर्जन’ लिहिलेलं असतं, ते हवं. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८४१एन हा आपल्याकडे घरोघरी होता. त्याच एका नावाखाली एकामागून एक डझनभर व्हर्जन निघाली. आठव्याच्या आत अथेरॉसची चिप आहे, तेराव्याच्या आत मीडियाटेकची. बाहेरून भावंडं दिसतात, आत वेगळी यंत्रं आहेत. एकाची फाइल दुसऱ्याला द्यायची नाही. राउटर बहुतेकदा चुकीची फाइल ओळखून नाकारतो, पण त्या ‘बहुतेकदा’वर मी कुणाचा राउटर पणाला लावत नाही. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या, आणि साइटवर देश निवडायला असेल तर भारत निवडा. यूट्यूबच्या व्हिडिओखाली दिलेल्या लिंकवरून किंवा कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल अजिबात नको. त्या फाइलमध्ये कुणी काय घातलंय ते आपल्याला दिसत नाही, आणि तुमच्या बँकेचं प्रत्येक पान त्यातूनच जाणार आहे.

फाइल सापडली की तिची तारीख बघा. माझा अंदाज बांधण्याचा आधार हाच. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षापद्धतीमधली ‘क्रॅक’ नावाची त्रुटी जाहीर झाली, आणि मे २०२१ मध्ये ‘फ्रॅगअटॅक्स’ नावाचा त्रुटींचा आणखी एक संच. शेवटचं अपडेट २०१७ च्या आधीचं असेल, तर यापैकी कशावरही त्यात इलाज नाही. तेवढ्यावरून घाबरू नका, क्रॅकचा मुख्य इलाज फोन आणि लॅपटॉपच्या बाजूने करायचा होता. राउटर रिपीटर म्हणून, म्हणजे दुसऱ्या राउटरचं वाय-फाय पकडून पुढे द्यायला लावला असेल, तेव्हा त्याला तो लागू होतो. पण कंपनीने त्या मॉडेलकडे पाहणं केव्हाच सोडून दिलंय, एवढं त्या तारखेवरून कळतं. अशा वेळी जे शेवटचं अपडेट आहे ते जरूर चढवा, पण त्याने राउटर आजच्या घडीला सुरक्षित झाला असं धरून चालू नका.

लेबलवरून बरोबर फाइल सापडेल असं धरून पुढचं सांगतो.

दिवस निवडताना तुमच्या कामाकडे बघा. ११ आणि २० तारखेच्या आसपासचे दिवस सोडा, रिटर्नच्या घाईत हे करायचं नाही. रविवार सोयीचा वाटतो, पण मी तोही टाळतो, कारण अडलं तर केबलवाल्याच्या ऑफिसात फोन उचलायला कुणी नसतं. साधा वार, पहाटे सहा-साडेसहाची वेळ. माग सुरू झालेले नसतात, घर थंड असतं, आणि काही झालंच तर पुढे अख्खा दिवस हातात असतो. माग चोवीस तास चालत असतील, तर खालच्या माणसाला दहा मिनिटं कुठलाही माग बंद-चालू करू नकोस असं सांगून ठेवा.

विजेसाठी मी एक गोष्ट करतो. घरात इन्व्हर्टर असेल तर बॅटरी पूर्ण भरू द्यायची, मग इन्व्हर्टरला येणारी मेन लाइट मुद्दाम बंद करायची आणि राउटर आधीपासूनच बॅटरीवर घ्यायचा. लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो, त्या क्षणी बारीक खंड पडतो आणि जुना राउटर नेमका तिथे रीस्टार्ट होतो. आधीच बॅटरीवर असलात तर ती उडी येतच नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मेन परत चालू करा. इन्व्हर्टर नसेल तर कॉम्प्युटरचा यूपीएस चालेल, किंवा राउटरचा छोटा यूपीएस. त्याचे व्होल्ट मात्र वर सांगितल्याप्रमाणे जुळले पाहिजेत.

आदल्या दिवशी सेटिंग लिहून ठेवायची. लोक सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. अपडेटनंतर कित्येक राउटर कोरे होतात आणि मग नेट चालू करायला काय टाकायचं हेच कुणाला माहीत नसतं. तुमचं केबलचं नेट पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून चालू होणारं, आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून युजरनेम आणि पासवर्ड लागणार. युजरनेम पानावर दिसेल, पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतील. तो केबलवाल्याकडून फोन करून आधीच घ्या आणि कागदावर लिहा.

त्याच्याइतकीच महत्त्वाची आणि कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे मॅक, नेटला जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक. आपल्याकडचे बरेच केबलवाले तुमचं कनेक्शन एका ठरावीक मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. वर्षांपूर्वी कनेक्शन घेताना ते थेट कॉम्प्युटरला जोडलं असेल आणि मग राउटर आला असेल, तर बसवणाऱ्याने ‘मॅक क्लोन’ करून राउटरला कॉम्प्युटरचा पत्ता दिलेला असतो. राउटर कोरा झाला की तो पत्ता जातो. युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, दिवे सगळे लागलेले, तरी नेट नाही. जुळे सोलापुरातल्या एका घरी हे झालं, रविवारचा दिवस होता, आणि सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत त्यांचं सगळं घर वाट बघत बसलं. ‘मॅक क्लोन’ पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पाच सेकंदांचं काम आहे. मागावर कॅमेरे बसवले असतील तर डीव्हीआरसाठी, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यासाठी, दिलेला आयपी पत्ता आणि बाहेरून कॅमेरे बघण्यासाठीच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानांचाही फोटो काढा.

बॅकअपची फाइल काढायला हरकत नाही, पण नव्या फर्मवेअरवर ती चढवू नका. दोन्हींची रचना वेगळी असली की राउटर विचित्र वागतो. आणि राउटरमध्ये आधीच कुणी घुसून डीएनएसचे, म्हणजे कुठली साइट कुठे आहे हे सांगणाऱ्या सर्व्हरचे, पत्ते बदलून ठेवले असतील, तर बॅकअपबरोबर ते परत येतात. हाताने भरायला पंधरा मिनिटं लागतात, ती द्या.

प्रत्यक्ष अपडेट त्यामानाने सोपं. फाइल आदल्या दिवशी लॅपटॉपवर उतरवून घ्या. ती झिप असेल तर उघडून आतली बिन फाइल बाहेर काढा, झिप तशीच द्यायची नाही. लॅपटॉप वायरने राउटरच्या १ ते ४ पैकी एका पोर्टला जोडा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. वाय-फायवरून अपडेट कधीही करू नका, कारण सिग्नल क्षणभर गेला तरी फाइल अर्धी राहते. बाहेरून येणारी नेटची वायर काढून ठेवा, घरातले फोनही वाय-फायवरून उतरवा. ३२ एमबी मेमरीच्या राउटरला एका वेळी एकच काम असलेलं बरं. मग अपग्रेडच्या पानावर फाइल निवडून बटण दाबा आणि हात मागे घ्या. पट्टी शंभरपर्यंत गेली, पान कोरं झालं किंवा चूक दाखवायला लागलं तरी राउटरला हात लावायचा नाही. मी घड्याळ लावून दहा मिनिटं थांबतो. मेलेल्या राउटरांपैकी बरेचसे लाइटमुळे मेलेले नसतात. पट्टी अडकली असं वाटून कुणीतरी प्लग काढलेला असतो.

उठल्यावर टाचणीने रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून त्याला कोरा करा आणि कागदावरून सगळं भरा. लॉगिनचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग उघडण्याची सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडण्याची सोय) बंद ठेवा, वाय-फायला डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा.

आणि नाहीच उठला तर? आधी अर्धा तास तसाच राहू द्या. मग बूटलोडरची वाट आहे. रीसेट दाबून धरून राउटर चालू केला की डी-लिंकच्या अनेक मॉडेलांत एक साधं रिकव्हरीचं पान उघडतं आणि तिथून फाइल परत देता येते. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत राउटर स्वतःच टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने लॅपटॉपकडे फाइल मागतो. लॅपटॉपला त्या व्हर्जनने ठरवलेला आयपी, पुष्कळांत १९२.१६८.०.६६, आणि फाइलला नेमकं ठरलेलं नाव द्यावं लागतं. पहिल्यांदा करताना हे जमेलच असं नाही, पण माहीतगाराकडे नेलात तर अर्ध्या तासाचं काम. बूटलोडरच गेला असेल तर चिप काढून प्रोग्रामरवर लिहावी लागते. ते मी करून देतो, पण २०१४ च्या राउटरसाठी गिऱ्हाइकाला तसा सल्ला देत नाही. हजार-दीड हजारात नवा येतो.

भाऊ कदाचित ओपनडब्ल्यूआरटीही सुचवतील, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी चढवायचं मोफत, खुलं फर्मवेअर. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः वापरतो. पण ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी मेमरीच्या राउटरांसाठी त्यांनी १९.०७ या मालिकेनंतर तयार फाइली देणं थांबवलं, म्हणजे तिथेही तुम्हाला जुनंच मिळेल. आणि केबलऐवजी उद्या फायबर घेतलंत, तर कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याचं फर्मवेअर आपण करायचंच नाही. ते त्यांच्याकडून लाइनवरूनच येतं.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात अडॅप्टर बदलून अप टाइम लिहिला असता, आणि लेबलवरून फाइलची तारीख बघितली असती. ती २०१७ च्या आधीची निघाली तर व्यवहारासाठी नवा राउटर घेतला असता, आणि मग जुन्यावर निर्धास्तपणे अपडेट करून बघितलं असतं. बिघडला तरी काम अडणार नाही, आणि चांगला निघाला तर मागावरच्या डीव्हीआरला कामी येईल.

लेबलचा फोटो इथे टाका, तुमच्या व्हर्जनला कुठली फाइल लागते ते बघून सांगतो. मॉडेल आणि व्हर्जन तेवढं दिसू द्या. मॅक, सिरीयल नंबर आणि वाय-फायचा पिन यांवर बोट ठेवून फोटो काढा.